दिवसा लाईट, रात्री ट्रॉली आणि मधे आपली मोटारसायकल

दिवसाढवळ्या समोरून येणारा माणूस हाताची मूठ उघडझाप करून दाखवतो, म्हणजे "लाईट चालू राहिलीय बघ तुझी". हे अजून होतं. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे बनणाऱ्या दुचाक्यांना इंजिन चालू झालं की हेडलाईट आपोआप लागायची सोय सक्तीची झाली, बटणच काढून टाकलं, तरी तासगाववरून सांगलीत पोचेपर्यंत एखादा तरी काका मूठ दाखवतोच. माणसं चांगली आहेत हो, काळजीपोटी सांगतात, पोराची बॅटरी उतरायला नको म्हणून. मी मान हलवतो आणि पुढे जातो, चालत्या गाडीवरून नियम कुठे समजावत बसणार. (बॅटरी उतरत नाही, इंजिन चालू आहे तोवर चार्जिंग चालूच असतं.)

तर हे लिहायचं कारण असं की आमच्या ग्रुपवर परवा मोठा वाद झाला, एकाने नवीन गाडीला ती लाईट बंद करायचं वेगळं बटण बसवून घेतलं आणि फोटो टाकला, खाली निम्म्यांनी अंगठे दिले. मी तिथे लिहायला गेलो आणि ते एवढं लांबलं की म्हटलं ब्लॉगवरच टाकू. मी कुपवाड एमआयडीसीत कामाला, घर तासगावच्या बाजूला, शिफ्ट बदलती, म्हणजे त्याच रस्त्यावर कधी कडक उन्हात, कधी पहाटेच्या धुक्यात, कधी सेकंड शिफ्ट सुटल्यावर मध्यरात्री. त्यामुळे गाडी दिसणे आणि न दिसणे या विषयात माझा बऱ्यापैकी अभ्यास झालाय असं मीच म्हणतो.

दिवसा लाईट कशाला? मोटारसायकल समोरून बघितली तर दिसते किती, एक टायर, एक हँडल आणि वर एक डोकं. फाट्यावर थांबलेला कारवाला उजवीकडे बघतो, डावीकडे बघतो, त्याला ट्रक दिसतो, एसटी दिसते, आपण दिसत नाही. नंतर तो म्हणतो "अहो खरंच दिसला नाहीत" तेव्हा लोक त्याला मारायला धावतात, पण बऱ्याचदा तो खरं बोलत असतो. मान झटकन फिरवली की डोळा उड्या मारत बघतो आणि दोन उड्यांच्या मधलं डोक्यात नोंदच होत नाही. त्यात कारच्या पुढच्या काचेच्या बाजूचा जो खांब असतो ना, त्याच्या आड आख्खी मोटारसायकल मावते, माणसासकट. कारमध्ये बसून एकदा बघा, मित्राला गाडी घेऊन समोरच्या गल्लीत उभा करा, तुम्ही ड्रायव्हर सीटवर बसा, तो कसा गायब होतो ते कळेल. आणि तिसरं म्हणजे त्याचा मेंदू शोधत असतो मोठी गाडी, ज्याची भीती वाटते ती. आपली कुणाला भीती?

अमेरिकेत हॅरी हर्ट म्हणून एक संशोधक होते, त्यांनी लॉस एंजेलिस भागातले नऊशेच्या वर मोटारसायकल अपघात तपासले, त्याचा रिपोर्ट १९८१ साली आला. या विषयावर जगात कुठेही बोलणं चाललं तरी हा रिपोर्ट निघतोच. त्यात दुसऱ्या गाडीशी झालेल्या अपघातांचं मुख्य कारण हेच निघालं की समोरच्याला मोटारसायकल दिसली नाही किंवा फार उशिरा दिसली, आणि नेहमीचा प्रकार म्हणजे कारवाला मोटारसायकलच्या आडवा वळला. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात म्हणून ते त्यांचं डावं वळण, आपल्याकडे तेच उजवं वळण. दिवसा हेडलाईट चालू ठेवणाऱ्यांचे आणि पिवळी, केशरी, लालभडक जॅकेटं घालणाऱ्यांचे अपघात कमी, हे पण त्यातच होतं. म्हणजे आपल्या काकांनी मूठ दाखवायच्या कितीतरी वर्षं आधी हे ठरून गेलेलं.

पण दिसलो म्हणजे काम झालं असं नाही. लाईट दिसते पण अंतर आणि स्पीड कळत नाही. लहान वस्तू लांब आहे असंच वाटतं, आणि सरळ आपल्याकडे येणारी लाईट बराच वेळ तेवढीच दिसते आणि मग एकदम मोठी होते, तोपर्यंत तो कारवाला अर्ध्या रस्त्यात आलेला असतो. यावर एक उपाय मी करतो. फाटा आला आणि तिथे कोण तोंड काढून उभा असला की मी आपल्या लेनमधल्या लेनमध्ये जरासा डावी-उजवी सरकतो. नागमोडी नाही, स्टंट नाही, फूट-दीड फूट, आणि मागे कोण चिकटलेला नाही बघूनच. एका रेषेत येणारी लाईट मागच्या झाडा-दुकानात मिसळून जाते, जरा हलली की नजर तिकडे वळते. मग त्या माणसाचं डोकं आपल्याकडे वळलं का ते बघायचं, आणि वळलं तरी विश्वास ठेवायचा नाही, त्याच्या पुढच्या चाकाकडे बघायचं. माणूस तुमच्याकडे बघून हसत हसत गाडी पुढे घालतो, हे सांगलीत रोज बघायला मिळतं, पण चाक फिरल्याशिवाय गाडी येत नाही.

आणि रात्री उलटा घोळ. एक लाईट दिसली की आपण समजतो मोटारसायकल आहे, आणि जवळ आल्यावर कळतं एक दिवा गेलेला ट्रॅक्टर आहे, आणि जो चालू आहे तो तिकडच्या बाजूचा. म्हणजे आपण ज्या मोकळ्या जागेतून जाणार होतो तिथे ट्रॅक्टरचं मोठं चाक आहे. आमच्या भागात द्राक्षबागेत औषध मारायला रात्री-पहाटे ट्रॅक्टर फिरत असतात, मागे ब्लोअर लावलेला, त्यामुळे हा प्रकार नवीन नाही. एकच लाईट दिसली की मी तरी समोर ट्रॅक्टर आहे असं धरूनच जागा सोडतो. मोटारसायकल निघाली तर उत्तमच.

आता कपड्यांचं. आपल्याकडे गाडी काळी, हेल्मेट काळं, जॅकेट काळं, पावसाळ्यात रेनकोट काळा नाहीतर गडद निळा. दुकानात रेनकोट मागितला तर तो दुसरा रंग काढतच नाही. पिवळा मागितला तर म्हणतो लहान मुलांचा आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला एक मोठा अभ्यास झाला होता, २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला, त्यात रिफ्लेक्टिव्ह किंवा फ्लोरोसंट कपडे घालणाऱ्यांचा अपघातात जखमी व्हायचा धोका ३७ टक्के कमी, काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट असलं तर २४ टक्के कमी, आणि दिवसा हेडलाईट चालू असली तर २७ टक्के कमी निघाला. गाडीच्या रंगाचा मात्र काही फरक निघाला नाही. म्हणजे लाल गाडी घेतली म्हणून दिसतो हे विसरा. पांढऱ्या हेल्मेटला पैसे जास्त पडत नाहीत, तेवढं तर करता येतं. आपलं पब्लिक हेल्मेटच घालत नाही, पुण्यात तर त्याविरुद्ध मोर्चे निघतात, त्यात मी रंगाचं सांगतोय, पण असो, जे घालतात त्यांच्यासाठी.

फ्लोरोसंट आणि रिफ्लेक्टिव्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बरेच जण एकच समजतात. तो जो पोपटी-पिवळा भडक रंग असतो तो दिवसा काम करतो. उन्हात जे अल्ट्राव्हायोलेट असतं, डोळ्याला न दिसणारं, ते तो रंग घेतो आणि दिसणाऱ्या उजेडात बदलून बाहेर टाकतो, म्हणून तो असतो त्याच्यापेक्षा जास्त भडक वाटतो. ढगाळ हवेत आणि संध्याकाळच्या पहिल्या टप्प्यात तर फारच उठून दिसतो. पण रात्री रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली त्याचा काही उपयोग नाही, मळकट दिसतो. रात्री लागते ती चंदेरी पट्टी, तिच्यात बारीक काचेचे मणी नाहीतर बारीक प्रिझम असतात आणि जिकडून लाईट आली तिकडेच ती परत फेकते. म्हणजे ट्रकच्या लाईटचा उजेड परत ट्रक ड्रायव्हरच्याच डोळ्यात. बाजूला उभ्या माणसाला ती पट्टी राखाडी कापडासारखी दिसते, म्हणून लोकांना वाटतं ही चमकत नाही, फसवलं. मोबाईलची टॉर्च डोळ्याजवळ धरून पट्टीकडे बघा, मग कळेल. आणि एक अडचण म्हणजे समोरच्याची लाईट तुमच्यावर पडलीच नाही, तो बाजूच्या गल्लीतून येतोय, तर पट्टी मेलेली. म्हणून ती हेडलाईटच्या जोडीला, हेडलाईटच्या ऐवजी नाही.

जॅकेट घातलं आणि वर ऑफिसची काळी सॅक अडकवली तर पाठीवरची पट्टी गेली. मागे बायको बसली तर जॅकेटच गेलं, दिसणार तिची साडी नाहीतर तिचा काळा स्वेटर. मागून येणाऱ्याला सगळ्यात शेवटी जे आहे तेच दिसतं, त्यामुळे पट्टी तिथे पाहिजे. मी सॅकवर शिवून घेतली, चपला शिवणाऱ्या काकांकडून, त्यांनी पैसे पण घेतले नाहीत. हेल्मेटच्या मागे एक तुकडा. आमच्या मागे बसणाऱ्या मंडळींनी मात्र पट्टीचं जाकीट साडीवर घालायला साफ नकार दिला आहे आणि त्या वादात मी पडत नाही.

ट्रकला लावायची जी पट्टी मिळते, मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी, ती ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानात फुटावर मिळते. मार्केट यार्डाजवळ दोन फूट लाल घेतली की पुष्कळ झाली. रॉकेलने पुसून, मग साबणाने, मग सुकवून लावायची, नाहीतर पहिल्या पावसात कोपरे सुटतात.

भडक जाकीट घालून गेल्यावर काय होतं ते पण सांगतो. टपरीवर चहाला थांबलो की कोणीतरी विचारतंच, "साहेब हे पुढचं खड्ड्याचं काम कधी संपणार?" एका आज्जींनी मला थांबवून गटारीची तक्रार सांगितली होती. मी पण ऐकून घेतली.

खरी पंचाईत गाडीच्या मागच्या बाजूला आहे. पुढची लाईट निदान आपल्याला दिसते, मागे काय चाललंय ते चालवणाऱ्याला आयुष्यभर दिसत नाही. केंद्र सरकारच्या आकड्यात २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यात दुचाकीवरची ४४.५ टक्के. यातले किती टेललाईट नसल्यामुळे हे त्यात कोणी लिहीत नाही, पण आमच्या गावाकडच्या रस्त्याला अर्धा तास उभं राहिलात तर विना टेललाईट किती जातात ते मोजता मोजता दमाल.

मागचा बल्ब एकच असतो पण आत तारा दोन. जुन्या गाड्यांना बारा व्होल्ट २१/५ वॅटचा येतो, पाच वॅटची तार सतत जळणारी, एकवीसची ब्रेक दाबल्यावर. पाचवाली उडाली तर ब्रेक मारल्यावर लाईट लागते म्हणून माणसाला वाटतं सगळं व्यवस्थित आहे, आणि रात्री गाडी मागून पूर्ण अंधारात असते. बल्बच्या दोन खिट्ट्या मुद्दाम खाली-वर केलेल्या असतात, उलटा बसू नये म्हणून, पण जोर लावून उलटा बसवणारे महाभाग आहेत, मग ब्रेक न दाबताच भगभगीत आणि ब्रेक दाबला तरी फारसा फरक नाही.

ब्रेकलाईटचा स्विच बघितलाय का कधी? उजव्या पायाच्या पेडलच्या वर-मागे एक बोटाएवढा प्लास्टिकचा तुकडा आणि त्याला पेडलपासून एक बारीक स्प्रिंग, पेनातल्या स्प्रिंगपेक्षा थोडी मोठी. सगळा चिखल तिथेच जातो. स्प्रिंग गंजून तुटली की लाईट नाही, सैल पडली की निम्मा ब्रेक लागल्यावर लाईट, जास्त ताणली तर कायम चालू. त्या स्विचला एक नट असतो, तो फिरवून वर-खाली करता येतं, हाताने होतं, पान्याची गरज नाही. जुन्या बऱ्याच गाड्यांना पुढच्या ब्रेकला स्विचच नसायचा, म्हणजे हाताने ब्रेक मारला तर मागच्याला पत्ताच नाही. असली गाडी असेल तर पाय पण थोडा टेकवायचा.

आमचा मिस्त्री एकदा एका गिऱ्हाइकाला म्हणाला, "अवो, तुमची ब्रेकलाईट बंदच व्हत न्हाई, येताना लांबनं बघतोय मी." गिऱ्हाईक म्हणालं स्विच बदला. मिस्त्री म्हणाला, "स्विच कशाला, पाय बदला." त्या माणसाला पेडलवर पाय ठेवून चालवायची सवय होती. असे खूप आहेत. पायाचं वजन पेडलवर, लाईट सतत चालू, मागचा ड्रायव्हर दोन किलोमीटर बघून बघून कंटाळतो आणि खरा ब्रेक लागतो तेव्हा त्याच्यासाठी काही बदलतच नाही. लायनर जातात ते वेगळंच.

याच्या उलट गिअर उतरवून गाडी हळू करणारे, त्यात मी पण आलो, इंजिनावर गाडी मस्त थांबत येते, मायलेजला बरं, पण लाईट काही लागत नाही. मागे गाडी असली की पेडल नुसतं टेकवायचं, टक टक, ब्रेक लागायची पण गरज नाही, लाईट लागली की झालं. साठच्या स्पीडला एका सेकंदात गाडी जवळपास १७ मीटर जाते. साधा बल्ब पूर्ण पेटायला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी घेतो, एलईडी लगेच लागते, म्हणजे नुसत्या बल्बच्या फरकात मागच्याला तीनेक मीटर आधी कळतं. कारच्या लांबीला थोडंच कमी. एलईडी लावा, पण साधी लाल लावा. लुकलुकणारी, निळी, डिस्कोवाली लावून मागच्याला आंधळा करायचा आणि ब्रेक कुठला ते त्यालाच शोधायला लावायचं, ह्याला काय म्हणायचं.

पावसाळ्यात अजून एक. रेनकोटचा मागचा पदर सीटवरून खाली लोंबतो आणि बरोबर टेललाईटवर येऊन बसतो. लोकांना माहीतच नसतं. सिग्नलला मी दोन-तीन जणांना सांगितलं, त्यांना आधी वाटलं मी भांडायला आलोय. आणि दूधवाले. दोन्ही बाजूला चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, मागचे दोन्ही इंडिकेटर कॅनच्या आड, टेललाईटवर पोत्याचा तुकडा, आणि वेळ पहाटे साडेचारची. आमचे आप्पा डेअरीला दूध घालायचे तेव्हा त्यांच्या एम-एटीचे इंडिकेटर चालतच नव्हते, ते वळताना पाय बाहेर काढायचे, ज्या बाजूला वळायचं तो पाय. तेव्हा रस्त्याला गाड्या पण तेवढ्याच होत्या आणि पाय कुणाचा ते पण सगळ्यांना माहीत. आता कॅनलाच लाल पट्टी मारली तर काम होतं, कॅनचा पत्रा गुळगुळीत, पट्टी मस्त चिकटते. आमच्या शेजारच्या दूधवाल्याने मारलीय, बाकीच्यांनी त्याचं बघून मारली, ह्यात कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

इंडिकेटरवर तर मी पुस्तक लिहीन. आपल्याकडे इंडिकेटर म्हणजे वळून झाल्यावर लावायची गोष्ट आहे. किंवा सांगलीत स्टेशन चौकात लावलेला तासगावपर्यंत तसाच. चालू राहिलेला इंडिकेटर न लावलेल्यापेक्षा वाईट, कारण फाट्यावरचा माणूस बघतो की हा डावीकडे आत येतोय आणि तो गाडी बाहेर काढतो. कारचं स्टिअरिंग सरळ झालं की इंडिकेटर आपोआप पडतो, मोटारसायकलला हँडल तेवढं फिरतच नाही म्हणून ते जमत नाही, काही गाड्यांना आपोआप बंद व्हायची सोय येते पण बहुतेकांना अंगठ्यानेच बंद करावा लागतो. मी वळून झालं की अंगठ्याने बटण दाबतोच, चालू असो नसो, आता ती सवयच लागलीय.

तीन सेकंद आधी लावा म्हणजे साठच्या स्पीडला पन्नास मीटर होतात, मागच्याला विचार करायला वेळ मिळतो. आणि वळायच्या बाजूला आधी सरका. आपल्याकडे उजवीकडे वळणारा माणूस आधी डावीकडे कडेला जातो, थांबतो, मागे बघतो न बघतो आणि आख्खा रस्ता आडवा कापतो. हायवेवर तो बरोबर आहे, तिथे मधे थांबणं म्हणजे मरण. पण गावात, चौकात, इंडिकेटर उजवा आणि गाडी डावीकडे, मागच्याने नेमकं कशावर विश्वास ठेवायचा?

पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो त्याचे आपल्याकडे निदान तीन अर्थ निघतात, तो उजवीकडे वळणार, किंवा तुम्ही उजवीकडून ओव्हरटेक करा, किंवा समोरून गाडी येतेय थांबा. डाव्याचे पण तसेच. ड्रायव्हर लोकांना विचारलं तर प्रत्येक जण आपलाच अर्थ खरा म्हणून सांगतो आणि दुसऱ्या जिल्ह्याचा ड्रायव्हर चुकीचा. मोटारसायकलवाल्यासाठी सरळ हिशोब असा की ट्रकच्या पुढे मला स्वतःला दिसत नाही तोपर्यंत त्याचा इंडिकेटर माझ्यासाठी परवानगी नाही. डिपरचं पण तेच. इंग्लंडात आमचा चुलतभाऊ आहे, तो सांगतो तिकडे समोरच्याने लाईट मारली की बहुतेक वेळा "या, तुम्ही जा" असं असतं, इकडे लाईट मारली म्हणजे "मी येतोय, घालू नको". तो सुट्टीला आला की पहिले दोन दिवस आम्ही त्याला गाडी देत नाही.

पार्किंग लाईट म्हणजे चारही इंडिकेटर एकदम, हे आता नवीन मोटारसायकलींना पण येतंय आणि लोक चौकात सरळ जायचं असलं की ते लावतात. का? सरळ जायला काही लावावं लागत नाही. बाजूने बघणाऱ्याला एकाच बाजूचे दिसतात, त्याला वाटतं हा वळतोय. पावसात लावून चालवणारे तर अजून धोक्याचे, खरंच वळायची वेळ आली की त्यांच्याकडे दाखवायला काही शिल्लक नसतं. बंद पडलेली गाडी कडेला लावली असेल तेव्हा लावा, बास.

लायसन्सच्या परीक्षेला हाताच्या खुणा पाठ करून जातो आपण, उजवा हात सरळ बाहेर काढला की उजवीकडे, उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट गोल फिरवला की डावीकडे, तळहात खाली करून वर-खाली केला की गाडी हळू होतेय. सगळ्या खुणा उजव्या हाताच्या, कारण त्या कारच्या खिडकीतून हात काढणाऱ्यासाठी आहेत. मोटारसायकलवर उजवा हात म्हणजे ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक. तो सोडला की गाडी आपोआप हळू होते, म्हणजे "हळू होतेय" ही एकच खूण आपल्याला फुकटात जमते. बाकी वेळ लोक डावा हात वापरतात किंवा मागच्याला सांगतात "हात दाखव". मागे बसलेल्याचा हात माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात भारी सिग्नल आहे. इंडिकेटरला कोणी थांबत नाही, पण मागे बसलेल्या आज्जीने हात आडवा केला की एसटी पण थांबते. दिवसा एकटा असलो तर मी इंडिकेटर लावतो आणि थोडा आधी डावा हात पण दाखवतो, मात्र वळणात दोन्ही हात हँडलवरच.

इंडिकेटरला एलईडी लावली की टिकटिक एकदम भराभर व्हायला लागते, लोक घाबरून मिस्त्रीकडे येतात. जुना फ्लॅशर बल्बच्या वॅटवर चालतो, एका बाजूला दहा-दहा वॅटचे दोन बल्ब असतील असं धरून बनवलेला, एलईडी करंट फारच कमी घेते म्हणून त्याचा ताल बिघडतो. एलईडीचा फ्लॅशर वेगळा मिळतो, स्वस्त आहे, तो बदलायचा. मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप एवढं ठीक, त्याच्यावर गेलं तर लांबून नुसती थरथर दिसते. आणि काळ्या काचेचे स्टायलिश इंडिकेटर उन्हात दिसतच नाहीत, लावलेत काय नाही लावलेत काय.

आता उसाचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखाने चालू झाले की मार्च-एप्रिलपर्यंत आमच्याकडे रात्रीचा रस्ता ट्रॉल्यांचा असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर बाजूला बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही, असला तर मोळ्यांच्या खाली गेलेला. दरवर्षी रिफ्लेक्टर वाटप होतं, फोटो येतात, काही ट्रॉल्यांना मागे लाल कापड पण लावतात, आणि दरवर्षी जानेवारीपर्यंत त्या पट्ट्यांवर चिखल बसतो. ड्रायव्हरची पण बाजू आहे, बिचारा रात्र रात्र कारखान्यावर नंबरात उभा असतो, पट्टी पुसायचं त्याच्या डोक्यात कुठून येणार. पंक्चर झालं तर तिथेच रस्त्यात ट्रॉली सोडून ट्रॅक्टर घेऊन जातात, मागे एक दगड आणि त्यावर झाडाची फांदी. ती फांदी म्हणजे आपला वॉर्निंग ट्रँगल. रात्री रस्त्यात फांदी दिसली की स्पीड सोडायचा, पुढे काहीतरी उभं आहे.

समोरून कोणी अप्परवर आला की डोळ्यापुढे काही सेकंद काळोख राहतो आणि ट्रॉली नेमकी त्या काळोखात असते. त्यावेळी नजर त्याच्या लाईटवर नाही, डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर, आणि स्पीड कमी. स्वतःची लाईट पण डिपरवर आणा. समोरचा आणत नाही म्हणून आपण पण आणायची नाही, मग दोघंही आंधळे. ते जे हँडलखाली पांढरे फोकस लावतात शंभर रुपयाचे, ते लावून रात्री समोर येणाऱ्यांना शिव्या मी रोज घालतो आणि माझ्या मागून जाणारे पण घालत असणार. दिसायचं आहे ना, मग हेडलाईट खाली नीट सेट करा, मागची काच पुसा. भिंतीसमोर गाडी लावून उजेडाचा वरचा काठ हेडलाईटच्या उंचीच्या थोडा खालीच यायला हवा. दोघं बसून बघा, मागे माणूस बसला की गाडीचं नाक वर होतं आणि तीच लाईट समोरच्याच्या डोळ्यात जाते.

त्या ग्रुपवरच्या पोराचं काय झालं विचाराल, तर त्याचं बटण अजून आहे. त्याचं म्हणणं दिवसा लाईट लावून बल्ब लवकर जातो. जातो, खरंय. बल्ब बदलायचा.

आणि बझरचं दोघा-तिघांनी मेसेज करून विचारलंय म्हणून शेवटी तेवढं सांगतो. इंडिकेटर चालू राहतो हे कळायला बझर लावा, चांगला उपाय आहे, पण मंजूळ गाण्याचा आणि "कृपया ध्यान दीजिए"वाला घेऊ नका, साधा टिकटिक घ्या, आवाज हेल्मेटमधून तुम्हाला ऐकू आला की पुरे, बाहेर गल्लीला ऐकू यायची गरज नाही. माझा पहिला एवढा मोठा होता की मध्यरात्री घराच्या बोळात वळताना शेजारची कुत्री उठायची आणि मग आई उठायची. आता आतून चिकटपट्टी मारून घेतलीय, बसवायला मिस्त्रीने पन्नास रुपये घेतले आणि आवाज कमी करायला शंभर.